कर्त्याच्या आधीचे कारण

एखादे कार्य सिद्धीस गेले तर त्याचे कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी ज्या चिकाटीने पुनःपुन्हा विचारला आहे, त्या चिकाटीने त्यांनी फार थोडे प्रश्न विचारले असतील. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव; आणि हे असे असताना जो केवळ एकट्या आत्म्यालाच कर्ता मानतो त्याला वस्तुस्थिती दिसतच नाही, असेही तेथे लागलीच बजावले आहे. ह्या पाचांत कर्त्याचा क्रम दुसरा लागतो, पहिला लागत नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. दैव म्हणजे नेमके काय, याविषयी मात्र आचार्यांचे एकमत नाही; शांकरभाष्य तेथे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता पाहते, तर रामानुजाचार्यांना तेथे अंतर्यामी परमात्मा दिसतो.

नैयायिकांची विचारसरणी याहून हिशेबी. घट निर्माण होतो तेव्हा माती, कुंभार, चक्र आणि दंड ही त्या घटाची विशेष कारणे होत. परंतु दिशा, काल, अदृष्ट आणि ईश्वरेच्छा ही घटाला लागतात तशी पटालाही लागतात, आणि जगातील यच्चयावत कार्यांना लागतात, म्हणून त्यांची गणना त्यांनी साधारण कारणांत केली. अशी कारणे सर्वांना सारखीच लागत असल्यामुळे ती कोणाच्याच हकिगतीत येत नाहीत. इतिहास लिहिणारा राजाचे शौर्य लिहितो. त्या वर्षी पाऊस वेळेवर पडला होता, हे लिहावयाचे बहुधा राहून जाते.

माणसाच्या बाबतीत कर्ता आणि परिस्थिती यांच्या ह्या संबंधाची तपासणी करू गेले, तर ती कोठे थांबवावी हेच समजत नाही, कारण एका माणसाच्या परिस्थितीची मोजदाद आजवर कोणालाही पुरी करता आलेली नाही. म्हणून मी येथे असे एक उदाहरण घेतो की, ज्यात कर्ता मनुष्यनिर्मित, त्याची परिस्थितीही मनुष्यनिर्मित, आणि दोहोंचा जमाखर्च अक्षरशः कागदावर उतरवता येतो. ते उदाहरण म्हणजे संगणकाच्या भाषेचे भाषांतर करणारा कंपायलर, आणि त्याला कामास लावण्यापूर्वी मुक्रर करावे लागणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. ज्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसून एखादा तरी प्रोग्रॅम लिहिला आहे, त्याला ‘पाथ सेट केलास का?’ असे कोणीतरी विचारलेलेच असते; विचारणाऱ्याच्या मनात तत्त्वज्ञान नसले तरी त्या प्रश्नाच्या पोटात ते आहे.

मायक्रोसॉफ्टने १९९८ साली प्रसिद्ध केलेली व्हिज्युअल सी प्लस प्लसची सहावी आवृत्ती घ्या. तिच्या सचित्र खिडक्यांमध्ये बसून काम करणाराला ह्या गोष्टीचा पत्ताही लागत नाही, कारण तेथला सगळा बंदोबस्त परस्पर झालेला असतो. परंतु जो काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून, ‘सीएल’ एवढ्या नावाने कंपायलरला हाक मारून, आपला सी भाषेतील मजकूर त्याच्या स्वाधीन करू पाहतो, त्याला आधी व्हीसीव्हार्स३२ नावाची एक बॅच फाइल चालवावी लागते. ही फाइल स्वतः एका ओळीचेही भाषांतर करीत नाही. पाथ, इन्क्लूड आणि लिब अशा नावांपुढे ती डिस्कवरील काही फोल्डरांचे पत्ते दाखल करते, परिसर सिद्ध होत आहे अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर उमटवते, आणि तिचे काम संपते. पण ते काम झाले नसेल तर काय घडते, ते सावकाश पाहण्यासारखे आहे. पाथमध्ये कंपायलरच्या फोल्डरचा पत्ता नसेल, तर अशा नावाची आज्ञा किंवा फाइलच नाही, असे उत्तर येते. कंपायलर डिस्कवर सुखरूप असतो, पण हाक मारणाराच्या जगापुरता तो अस्तित्वात नसतो. पाथ बरोबर असून इन्क्लूड रिकामे असेल, तर कंपायलर जागा होतो, मजकूर वाचू लागतो, आरंभीच मागितलेली हेडर फाइल त्याला कोठेही आढळत नाही, आणि सी १०८३ ह्या क्रमांकाचा घातक दोष नोंदवून तो थांबतो. इन्क्लूडही बरोबर असून लिब तेवढे चुकलेले असेल, तर भाषांतर निर्वेध पार पडते, आणि अगदी अखेरीस, तुकड्यांची जोडणी करणारा लिंकर लायब्ररीची फाइल उघडता येत नाही म्हणून ११०४ क्रमांकाची तक्रार दाखल करतो. तिन्ही प्रसंगी लेखकाच्या मजकुरात काना-मात्रेचीही चूक नसते, आणि कंपायलरच्या अंगी कोणती उणीव असते असेही नाही. कर्ता समर्थ, सामग्री शुद्ध, आणि तरीही कार्य नाही.

याहून चिंतेचा प्रसंग चौथा, कारण त्यात तक्रार ऐकूच येत नाही. पाथमधील आणि इन्क्लूडमधील पत्ते ज्या क्रमाने लिहिलेले असतात त्याच क्रमाने शोध घेतला जातो आणि जे प्रथम सापडेल ते प्रमाण मानले जाते. तेव्हा डिस्कवर दोन आवृत्त्या नांदत असतील आणि जुनीचा पत्ता आधी लिहिलेला असेल, तर जुनाच कंपायलर पुढे येतो, किंवा नवा कंपायलर जुनी हेडर फाइल वाचतो, भाषांतर पुरे होते, आणि निष्पन्न झालेला प्रोग्रॅम लेखकाच्या मनात नव्हते असे काहीतरी करू लागतो. अभावाने कार्य अडते, पण ते अडले आहे हे निदान कळते. विपर्यय झाला असता कार्य होते आणि चुकीचे होते. योगशास्त्राने विपर्ययाला चित्ताची एक स्वतंत्र वृत्ती मानून ज्ञानाच्या अभावापासून वेगळे काढले, त्यात किती सूक्ष्म निरीक्षण होते, हे असल्या प्रसंगी ध्यानात येते.

आता नावे आणि त्यांपुढचे पत्ते यांचा हा परिसर येतो कोठून, हे पाहू. त्याची आजची रचना न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेने १९७९ साली बाहेर आणलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत रूढ झाली. त्याच आवृत्तीबरोबर, टंकलेल्या आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा स्टीफन बोर्नचा शेलही आला, आणि १९८३ च्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने हीच पद्धत उचलली. रचना अत्यंत साधी आहे. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम, म्हणजे प्रत्येक प्रक्रिया, दुसऱ्या कोणत्या तरी प्रक्रियेच्या पोटी जन्माला येते, आणि जन्माच्या वेळी तिला नाव व त्यापुढे मूल्य अशा ओळींची एक यादी मिळते. ही यादी जन्मदात्या प्रक्रियेच्या यादीची नक्कल असते. मिळालेल्या नकलेत भर घालण्याचा, खोडण्याचा, बदलण्याचा पूर्ण अधिकार नव्या प्रक्रियेला आहे, आणि ती ज्यांना जन्म देईल त्यांच्याकडे ही बदललेली यादी जाईल. परंतु जिच्यापासून ती जन्मली तिच्या यादीतील एक अक्षरही तिला बदलता येत नाही. वारसा केवळ खालच्या दिशेने उतरतो.

ह्या एकदिशा व्यवस्थेत मला दैव आणि कर्म यांच्या जुन्या वादाचे एक उत्तर दिसते, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने मांडीत आहे. कंपायलरच्या बाजूने पाहिले तर इन्क्लूडमध्ये काय लिहिले आहे, हे त्याचे दैव आहे. ते त्याने निवडलेले नाही. तो डोळे उघडतो तेव्हा ते आधीच ठरलेले असते. पण हेच अक्षर ज्याने लिहिले, त्या शेलच्या किंवा त्यापुढे बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर ते दैव नव्हे; ते सरळ सरळ त्याचे कर्म आहे, जाणून केलेले किंवा आळसाने न केलेले. म्हणजे दैव नावाचा वेगळा पदार्थ कोठे साठवलेला नाही. जे जन्मणाराला दैव म्हणून भेटते, ते त्याच्या आधीच्या कोणाचे तरी कर्तव्य होते. आचार्यांनी ह्या शब्दाचे जे अर्थ केले आहेत ते खोडण्याचा माझा अधिकार नाही आणि उद्देशही नाही. परंतु आपल्या मुलाबाळांच्या, विद्यार्थ्यांच्या, हाताखालच्या माणसांच्या बाबतीत ‘त्यांचे नशीब’ हे शब्द आपण किती सहजपणे उच्चारतो, आणि त्या नशिबाच्या किती ओळी आपल्याच हस्ताक्षरात असतात, याचा विचार करू लागले की दैवाची चर्चा परलोकातून उतरून घराच्या उंबरठ्यावर येते.

याच रचनेने मला पितृऋणाची कल्पनाही नव्याने समजली. वैदिक परंपरेने माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे मानले, आणि त्यांतील पितरांचे ऋण फेडण्याचा मार्ग पितरांकडे परत जाण्याचा सांगितला नाही. तो संततीचा, म्हणजे पुढे जाण्याचा सांगितला. ज्याने दिले त्याला परत करण्याची सोयच नाही, जे करावयाचे ते पुढे येणाराच्या यादीत, ही तरतूद प्रथमदर्शनी कठोर वाटते. पण देण्याघेण्याचे खाते दोघांतच मिटले असते, तर तिसरा जन्माला येण्याचे प्रयोजन काय उरले असते?

एक गोष्ट ह्या संदर्भात नवशिक्यांना फार चकवते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन पाथ दुरुस्त केला, तरी आधीच उघडलेल्या आज्ञेच्या खिडकीत जुनाच पाथ राहतो. ती खिडकी बंद करून नवी उघडावी लागते. युनिक्सवर तर याहून विलक्षण प्रकार घडतो : व्हेरिएबल ठरवून देणारी फाइल नेहमीच्या पद्धतीने चालवली, तर ती एका अपत्य प्रक्रियेत चालते, तिच्यापुरता परिसर चोख सिद्ध होतो, ती प्रक्रिया संपते, आणि तिच्याबरोबर तो परिसरही नाहीसा होतो. फाइल चालली, कोणतीही चूक झाली नाही, आणि तरी काहीही बदलले नाही. म्हणून तेथे आज्ञेच्या आधी एक टिंब देऊन त्या फाइलीतील ओळी शेलने स्वतःच, स्वतःच्या अंगावर घेऊन, वाचाव्या लागतात. उपदेश दुसऱ्याकडून वाचवून घेणे आणि तो स्वतः अंगीकारणे यांतील अंतर मठामठांतून पिढ्यानपिढ्या सांगितले गेले आहे. ते इतक्या नेमकेपणाने एका टिंबावर आलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

परिसराची मांडामांड ही खऱ्या कामापूर्वीची कटकट आहे, ती कर्माच्या बाहेरची आहे, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ह्या समजुतीला आपल्या धर्मविधींचे उत्तर स्पष्ट आहे. कोणत्याही पूजेच्या किंवा श्राद्धाच्या आरंभी आचमन व प्राणायाम झाल्यावर यजमान संकल्प सोडतो, आणि त्या संकल्पात देवतेचे नाव येण्यापूर्वी देशकालाचा उच्चार येतो : कोणता कल्प, कोणते मन्वंतर, कोणते युग, कोणते द्वीप, कोणता देश, गोदावरीचे कोणते तीर, शालिवाहन शकातील कोणता संवत्सर, मग अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, आणि त्यानंतर स्वतःचे गोत्र व नाव. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांतून दंडकारण्याचा व गोदावरीच्या दक्षिण तीराचा उच्चार होतो. नदीच्या उत्तरेस राहणाराने उत्तर तीर म्हणावे लागते, आणि समुद्रापलीकडे स्थायिक झालेल्या कुटुंबाला तर तो भाग मुळातूनच बदलावा लागतो. ज्याला हे सारे माहीत आहे त्या देवाला ते सांगण्याची आवश्यकता नाही. ते सांगावयाचे असते कर्त्याने स्वतःला. शास्त्राने ह्या उच्चाराला प्रस्तावनेचे स्थान दिले नाही. संकल्पावाचून केलेले कर्म सफल होत नाही असे सांगून तो कर्माचाच भाग ठरवला.

यातूनच माझे एक मत बनले आहे, आणि ते पुष्कळांना पटणार नाही. पाथ आणि इतर व्हेरिएबल यंत्रावर कायमचे लिहून टाकावे, म्हणजे प्रत्येक वेळी बॅच फाइल चालविण्याचा त्रास वाचेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. आणि ज्याच्या यंत्रावर एकच कंपायलर आहे त्याला तो सोयीचाही पडतो. परंतु कायमचे लिहिलेले लवकरच अदृश्य होते. एका कंपायलरने आपली ओळ लिहिली, दुसऱ्याने तिच्यापुढे आपली जोडली, तिसरा काढून टाकला तरी त्याची ओळ राहिली, आणि शेवटी कोणाचा अंमल कोठपर्यंत चालतो हे यंत्राच्या मालकालाही सांगता येईनासे होते. विंडोज ९८ पर्यंतच्या यंत्रांवर तर परिसरासाठी राखलेली जागाच अशी भरून जाई, आणि जागा शिल्लक नाही असा संदेश येऊन पुढची ओळ गळून पडे. संकल्प प्रत्येक विधीच्या आरंभी नव्याने करावा लागतो, आयुष्यात एकदाच करून भागत नाही, कारण तिथी बदललेली असते. ज्या खिडकीत काम करावयाचे त्याच खिडकीपुरता, त्या कामापुरता परिसर उच्चारावा, आणि काम संपले की तो त्या खिडकीबरोबर विसर्जित व्हावा, ही रीत मला अधिक धर्म्य वाटते.

येथे वेदान्ती एक खोल आक्षेप घेईल. तो म्हणेल की, परिसर म्हणजे उपाधी. घटामुळे आकाश मर्यादित भासते, घट फुटला की ते होते तसेच असते. तेव्हा शहाण्याने उपाधी सजवीत न बसता तिचे निरसन करावे. हा आक्षेप केवळ कल्पनेतला नाही, कारण तो प्रत्यक्षात उतरवून पाहण्याचा उद्योग काही माणसांनी केला आहे. डेबियन नावाच्या मुक्त प्रकल्पात २०१३ पासून असा प्रयत्न सुरू झाला की, एकच मजकूर कोणीही, कोठेही, केव्हाही कंपाइल केला तरी निष्पन्न होणारी फाइल शेवटच्या बिटापर्यंत एकसारखी यावी, म्हणजे मधल्या कोणी तीत काही मिसळले असेल तर ते उघडकीस येईल. त्यासाठी त्यांनी तोच मजकूर दोनदा कंपाइल केला, आणि दुसऱ्या वेळी घड्याळ, कालक्षेत्र, भाषा, वापरणाराचे नाव, फोल्डरचा पत्ता ह्या गोष्टी मुद्दाम बदलून पाहिल्या. जे बाहेर पडले ते वेदान्त्याला संतोष देणारे होते, कारण उपाधी खरोखरच कार्यात ठिकठिकाणी झिरपलेली आढळली : कोठे कंपाइल करण्याची वेळ आत छापली गेली होती, कोठे काम करणाराच्या फोल्डरचे नाव राहून गेले होते, कोठे भाषा बदलल्यामुळे याद्यांचा अनुक्रम फिरला होता.

परंतु त्यावर त्यांनी शोधलेला उपाय निरसनाचा नव्हता. पुष्कळ उपाधी त्यांनी काढून टाकल्या हे खरे. तरी काल काढता येईना, कारण पुष्कळ प्रोग्रॅमांना आपल्या जन्माचा दिनांक हवाच असतो. तेव्हा त्यांनी सोर्स डेट इपॉक नावाचे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवले, आणि त्यात १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत जो क्षण लिहिला असेल तोच कंपायलरने ‘आत्ता’ मानावा, असा शिरस्ता घातला. शिवाय प्रत्येक निष्पन्न फाइलीसोबत एक दाखला ठेवण्याची तजवीज केली, ज्यात कोणत्या आवृत्तीची कोणती साधने उपस्थित होती आणि परिसर काय होता, हे नमूद असते. उपाधीपासून पूर्ण मुक्ती मागणाऱ्यांना शेवटी जे साधले ते उपाधीचे प्रामाणिक निवेदन होते, आणि तेवढ्याने त्यांचे काम झाले : तोच परिसर उभारा, तेच फळ मिळेल. कर्म करणाराला निरुपाधिक होता येत नाही. देशकाल उच्चारून तो आपल्या उपाधीला साक्षीला उभे करू शकतो, आणि माझ्या मते कर्माच्या क्षेत्रात शुद्धीचा याहून मोठा अर्थ नाही.

एक प्रश्न मात्र याने सुटत नाही, तो मागे जाण्याचा. प्रत्येक प्रक्रियेला परिसर तिच्या जन्मदात्रीकडून मिळाला, तर पहिलीला कोणाकडून? लिनक्समध्ये याचे उत्तर चक्क वाचून पाहता येते. तेथे क्रमांक १ च्या प्रक्रियेला यंत्रणेचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःहून दोनच ओळी देतो. घर कोठे, तर मुळाशी. आणि टर्मिनल कोणते, तर लिनक्स. पुढचा सारा विस्तार ह्या दोन ओळींवर चढत जातो. पण त्या दोन ओळी कर्नलच्या मजकुरात लिहिलेल्या आहेत, तो मजकूर कोणत्या तरी कंपायलरने भाषांतरित केला, तो कंपायलर कोणत्या तरी परिसरात चालला, आणि तो स्वतःही त्याच्या आधीच्या कंपायलरकडून जन्मला. नैयायिक ह्याला अनवस्था म्हणून दोष देतील. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या भाषणात ह्या साखळीतील भय उघड करून दाखवले : लॉगिनच्या प्रोग्रॅमचे भाषांतर करताना त्यात चोरवाट घालणारा, आणि कंपायलरच्याच मजकुराचे भाषांतर करताना ही खोड नव्या कंपायलरात उतरवणारा कंपायलर एकदा तयार झाला, की मजकुरातून ती खोड संपूर्ण पुसून टाकली तरी ती वंशात राहते. मजकूर वाचून ती सापडत नाही. वासनेचे असे निःसंदिग्ध वर्णन मी विज्ञानाच्या ग्रंथात अन्यत्र वाचलेले नाही.

शंकराचार्यांनी कर्म आणि शरीर यांच्या परस्परावलंबनाला बीज आणि अंकुर यांचा न्याय लावला आणि संसार अनादी असल्यामुळे ह्या अनवस्थेत दोष नाही असे म्हटले. कंपायलरांच्या वंशाला हे समाधान लागू पडत नाही, कारण तो वंश अनादी नाही. फोर्ट्रानचा कंपायलर १९५७ चा, आणि त्यापूर्वी यंत्रांच्या तारा माणसांनी हातांनी जोडल्या होत्या. ज्याला आदी आहे त्याच्या आदीपर्यंत परत चालत जाणे निदान शक्य असले पाहिजे, असा आग्रह धरणारी माणसे म्हणूनच निघाली, आणि २०२३ साली गीक्स नावाच्या प्रकल्पाने जाहीर केले की, त्यांची संपूर्ण वंशावळ आता ३५७ बाइटांच्या एका बीजापासून, प्रत्येक पिढीचा मजकूर हाताशी ठेवून, पुन्हा उभी करता येते. ३५७ बाइट एका बैठकीत, बोट ठेवून, माणसाला वाचून तपासता येतात. ते बीज चालविण्यासाठीसुद्धा आधी तयार असलेला कर्नल लागतो, आणि पिढ्यांची कामे क्रमाने लावून देणारा सुमारे २५ मेगाबाइटांचा दुसरा एक तयार प्रोग्रॅमही लागतो. त्या दुसऱ्या प्रोग्रॅमवरचे आपले अवलंबन त्यांनी त्याच जाहीर निवेदनात लिहून ठेवले आहे.